पूर्वेकडे पाय

चुन्याचे खडे पाण्यात टाकले की बादली उकळायला लागते. आधी नुसतं फसफसतं, मग वाफ येते, आणि मग तो वास. ओल्या भिंतीचा, नव्या घराचा, शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यातल्या वर्गखोल्यांचा. हल्ली बाजारात तयार पाकिटं मिळतात, पाण्यात ढवळली की झालं. पण आईला ती चालत नाहीत. पाकिटातला चुना पावसाळ्यात वाहून जातो असं तिचं म्हणणं, आणि कबर म्हणजे काही दुकानाची पायरी नव्हे, की आली दिवाळी आणि फासला रंग. म्हणून दर वर्षी इस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, साठीला टेकलेली मी रिक्षात चुन्याचे खडे, बादली, कुंचा, निळीची पुडी, पाण्याचे कॅन, प्लॅस्टिकची खुर्ची आणि नव्वदीकडे झुकलेली आई असा सगळा संसार कोंबून नाशिकरोडच्या बाजूच्या आमच्या कबरस्थानात येते. रिक्षावाला दर वर्षी नवा असतो आणि दर वर्षी खुर्ची बघून तोंड वाकडं करतो.

खुर्ची कडुलिंबाच्या सावलीत मांडायची. या दिवसांत कडुलिंब मोहरलेला असतो. तो बारीक पांढरा मोहोर आईच्या केसांवर पडतो, बादलीत पडतो, कुंच्याला चिकटतो. सावलीत बसूनही आई छत्री उघडते आणि छत्रीखालून देखरेख करते. कोपरा राहिला. खालून घे. उभा हात मार, आडवा नको. सगळी हयात मी शाळेत भूगोल शिकवला, आता निवृत्त झाले, पण तिच्या लेखी मला अजून कुंचा धरता येत नाही.

आणि अर्धी कबर पांढरी झाली की ती ते वाक्य म्हणते.

"सगळ्यांचे क्रूस कुठं हायेत बघ, आणि ह्यांचा कुठं हाय बघ."

मी मान वर करत नाही. मला ते पाठ आहे. रांगेतल्या सगळ्या कबरींचे क्रूस पश्चिमेच्या टोकाला आहेत, म्हणजे उशाला. फक्त बाबांचा पूर्वेच्या टोकाला आहे. शाळेच्या प्रार्थनेला सगळी मुलं समोर बघत उभी असावीत आणि एकच मागे तोंड करून उभा असावा, तसं ते दिसतं. मी शिक्षिका असल्यामुळे मला ते इतरांपेक्षा जास्त खुपतं, हेही खरं.

आमच्यात माणसाला मातीत ठेवताना पाय पूर्वेकडे करतात. शेजारच्या काकू दक्षिणेकडे पाय करून कोणाला झोपू देत नाहीत. आमच्याकडे दक्षिणेचं काही नाही, आमची सगळी भानगड पूर्व-पश्चिमेची. शेवटचा कर्णा वाजेल, प्रभू पूर्वेकडून येईल, निजलेले उठतील, हे जुनं आकाश आणि ही जुनी पृथ्वी निघून जाईल आणि सगळं नवं होईल. तेव्हा खाटेवरून उठून बसावं तसा माणूस उठून बसला की त्याचं तोंड थेट प्रभूकडे असावं, एवढीच त्यामागची सोय. बाबांचं उलटं झालं. त्यांचं डोकं पूर्वेला आहे आणि पाय पश्चिमेला. उठून बसतील ते प्रभूकडे पाठ करून. याला वीसेक वर्षं होऊन गेली आणि आई एक दिवस हे विसरलेली नाही, मलाही विसरू देत नाही.

वैताग येतो तो याचा, की ती नवी पृथ्वी आईची कधी नव्हतीच. ती बाबांची होती.

बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते आणि आम्ही तिथल्या वसाहतीत राहायचो. माझं बालपण कोणत्या रंगाचं होतं असं कोणी विचारलं तर मी राखाडी म्हणेन. चिमण्यांतून निघालेली राख कोणाचा मुलाहिजा ठेवायची नाही. खिडकीच्या गजांवर, तुळईवर, ताटावर, जोंधळ्याच्या पिठावर. वारा आमच्या बाजूला फिरला की आई पदर खोचून बाहेर धावायची आणि दोरीवरचे कपडे ओढून काढायची, तोंडाने वाऱ्याला काहीबाही बोलत. वाळत घालण्याआधी दोरी पुसायची हे मला चालायला यायच्या आधी कळत असावं. अजून माझ्या गच्चीवर मी दोरी पुसते. नात हसते.

बाबा या सगळ्यात मजेत असायचे. पाळीवरून आले की हातपाय धुवायचे, भिंतीला टेकून बसायचे, आणि आई राखेचं गाऱ्हाणं सांगायला लागली की शांतपणे म्हणायचे, नव्या पृथ्वीवर राख नसेल. मोरीतला नळ गळायचा. नव्या पृथ्वीवर नळ गळणार नाहीत. खुर्चीचा पाय निखळलेला असायचा. तिथे काही मोडणार नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला शास्त्रातला कुठलाही भाग वाचायचा म्हणून ते पुस्तक उघडायचे आणि आठवड्यातून तीनदा तरी नेमका शेवटचाच भाग निघायचा. रडणं नाही, मरण नाही, कष्ट नाहीत, देव माणसांत येऊन राहील. आई डोळे मिटून, हात जोडून ऐकायची आणि आमेन म्हणून झालं की डोळे उघडता उघडता म्हणायची, "ते येईल तेव्हा येईल. उद्या नळाचा वॉशर आणा."

वॉशर कधी आला नाही. तो नळ माझ्या सगळ्या बालपणात गळत राहिला. अभ्यासाला बसलं की मोरीतल्या पितळी बादलीत थेंब पडायचे, आधी खण्ण, मग भरत गेली तसा जाड आवाज. नद्यांची नावं मी त्या तालावर पाठ केली आहेत. आजही गोदावरीच्या उपनद्या म्हणताना मधे थांबून मी थेंबाची वाट बघते.

आमच्या क्वार्टरमध्ये एक लोखंडी खाट होती. रात्रपाळी करून बाबा सकाळी आले की तिच्यावर उलटे झोपायचे, पायथ्याला डोकं करून. उशाकडच्या खिडकीतून ऊन थेट तोंडावर यायचं म्हणून. झोपले की मेल्यासारखे झोपायचे. यंत्रांच्या घरघरीत वर्षं घालवून त्यांचे कान गेले होते, पाळी बदलायचा भोंगा आख्ख्या वसाहतीला उठवायचा पण त्यांना नाही. दुपारी आई चहा घेऊन खाटेच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे खऱ्या उशाशी, टेकायची आणि त्यांच्या पायाचा अंगठा हलवायची. "अहो, उठा." हाक त्यांना ऐकू जायची नाही, अंगठ्याचं मात्र कळायचं. उठून बसले की समोर आई. ते तिच्याकडे बघत राहायचे, चहा हातात घेईनात. आई करवादायची, "बघताय काय, निवतोय." मी जमिनीवर पाटी घेऊन बसलेली असायचे. मला तेव्हा वाटायचं, सगळ्याच घरांत बाप उलटे झोपतात.

समुद्राचा तंटा मला चांगला आठवतो. नव्या पृथ्वीचं वर्णन वाचताना मधेच येतं की समुद्र राहणार नाही. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन आणि समुद्र मी पाहिला नव्हता. आमच्याकडचं मोठं पाणी म्हणजे पुरातली गोदावरी आणि गंगापूरचं धरण. मी प्रार्थनेत भोकाड पसरलं. सगळं चांगलं ठेवलं आणि एवढा समुद्र का काढून टाकला? बाबांनी मला मांडीवर घेतलं आणि समजावलं, की समुद्र म्हणजे मधलं अंतर. एक माणूस इकडे आणि एक तिकडे. तिथे कोणाला कोणापासून लांब राहायचं नाही, मग समुद्र कशाला. आई भाजी परतता परतता आतून म्हणाली, "आधी पोरीला मुंबईला नेऊन तो समुद्र दाखवा, मग काढून टाका." नेऊ म्हणाले. नेलं नाही. पुढे मी तो शाळेच्या सहलीबरोबर शिक्षिका म्हणून पाहिला, पोरं मोजता मोजता, धड नजर भरून नाहीच. आता माझी मुलगी त्याच्या पलीकडे असते, नातीला सुट्टीत पाठवते, आणि विमानतळावरून परत येताना प्रत्येक वेळी मला बाबांचं म्हणणं पटतं आणि प्रत्येक वेळी राग येतो, की हे मला आठ वर्षांची असताना कशाला सांगितलं.

इस्टरच्या पहाटे आम्ही अंधार असतानाच निघायचो. राखेपासून वाचवून ट्रंकेत ठेवलेली पांढरी साडी आई नेसायची. बाबांचा सदरा कडक इस्त्रीचा. आदल्या दिवशी कांद्याच्या सालींत उकडलेली अंडी डब्यात असायची, लालसर तपकिरी, सालींचा वास लागलेली. त्या साली निफाडहून यायच्या, आईच्या माहेरून, कापडी पिशवी भरून. कबरस्थानात सगळी मंडळी जमलेली असायची. ताज्या चुन्याने कबरी अंधारातही उजळ दिसायच्या, प्रत्येकीवर मेणबत्ती, आणि मेणाचा, झेंडूचा, कडुलिंबाच्या मोहोराचा असा एक गोडसर वास. पेटी, तबला, झांजा. भजनं सुरू व्हायची. सलाम, सलाम करत माणसं एकमेकांचे हात धरायची. मग पूर्वेला फटफटायचं. पाळकसाहेब प्रभू उठला आहे म्हणायचे आणि आम्ही सगळे खरोखर उठला आहे म्हणून ओरडायचो, पोरं जरा जास्तच.

तिथेच एकदा बाबांनी मला पाय पूर्वेकडे का, ते सांगितलं होतं. मी एका कबरीच्या उशाशी उभी राहून बघितलं, उठल्यावर काय दिसेल ते. समोर एकलहऱ्याच्या चिमण्या होत्या, धूर सोडत. सूर्य बरोबर त्यांच्यामागून येत होता. मी घाबरून विचारलं, की या लोकांना उठल्या उठल्या चिमण्याच दिसणार का? बाबा मोठ्याने हसले, भजनात खंड पडला, आईने त्यांना चिमटा काढला. तेव्हा चिमण्या नसतील, ते म्हणाले. आणि मी कामावर जाणार नाही.

कबरस्थानाचं फाटक तेव्हा पश्चिमेला होतं, मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गल्लीत. हे सांगायलाच हवं, कारण सगळा घोटाळा फाटकाचा आहे. शवपेटी फाटकातून आणताना पाय पुढे आणि डोकं मागे असं आणतात. पश्चिमेच्या फाटकातून आत आलं की चालणारे पूर्वेकडे तोंड करूनच चालत. खड्ड्याशी पोचले की पेटी होती तशी सरळ खाली सोडायची, पाय आपोआप पूर्वेला. कोणाला कधी दिशा बघावी लागली नाही. खांदा देणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि अंगवळणी पडलेल्या गोष्टीचा कोणी विचार करत नाही.

बाबा गेले त्या उन्हाळ्यात ते फाटक नुकतंच बंद झालं होतं. गल्लीत गाड्या शिरेनात, म्हणून पूर्वेची भिंत फोडून मोठ्या रस्त्याकडे नवं फाटक केलं होतं. बाबा हे त्या फाटकातून आलेले पहिलेच. वसाहतीतली माणसं, मंडळीतली माणसं, सगळे गात होते. पाय पुढे करून आणलं, खड्ड्याशी थांबले, वर्षानुवर्षं सोडत आले तशी पेटी सरळ खाली सोडली. मीही गात होते. मी, भूगोल शिकवणारी. कोणाच्या मनात आलं नाही की आता आपण पश्चिमेकडे तोंड करून चालत आलो आहोत. माती पडली, उशाशी लाकडी क्रूस रोवला, फुलं ठेवली, घरी आलो.

तिसऱ्या दिवशी फुलं बदलायला गेलो तेव्हा आई फाटकातच उभी राहिली. तिने रांगेवरून एकदा नजर फिरवली. ती रडली नाही. तीन दिवसांत ती रडलीच नव्हती. ती एवढंच म्हणाली, "ह्यांना उलटं ठेवलं," आणि मग मात्र मातीत बसून अशी रडली की मला तिला उठवता येईना.

त्यानंतर जी चळवळ सुरू झाली तिने मला म्हातारं केलं. तेव्हाचे पाळकसाहेब वयस्कर होते, फार प्रेमाने म्हणाले, की प्रभू विजेसारखा येईल, चहूकडून दिसेल, दिशेचं काही नाही. आई म्हणाली, मग बाकीच्यांना कशाला सरळ ठेवता? ते पुढच्या वर्षी बदलून गेले. त्यांच्यानंतरच्यांनी सरकारी परवानगीचं कारण सांगितलं, पुरलेलं असं कोणाला उकरता येत नाही, आणि ते बरोबरच होतं. मग एक तरुण पाळक आले. ते म्हणाले, जो देव नवं आकाश आणि नवी पृथ्वी करणार आहे त्याला एक माणूस फिरवता येणार नाही का? मला ते उत्तर आवडलं होतं. मी मनात म्हटलं, सुटलो. आई म्हणाली, "फिरवील की. भाकरीही तोच देतो. म्हणून आपण चूल पेटवायची नाय का?"

मीसुद्धा प्रयत्न केले. एकदा वैतागून म्हटलं, आई, नव्या पृथ्वीला सूर्याची गरज नसेल असं लिहिलंय ना? मग पूर्व कुठली नि पश्चिम कुठली? पूर्व म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू, हे मी पहिल्याच धड्यात शिकवते. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेला निघताना दारात म्हणाली, की तिथल्या नगरीला चारी बाजूंनी वेशी आहेत, पूर्वेलाही आहेत, तेव्हा दिशा असणारच. आणि चपला घालायला लागलेल्या माझ्या हातात डबा दिला. अशा बाईशी वाद घालायचा कसा? जी बाबांच्या सगळ्या हयातीत वॉशर मागत राहिली, तिने बाबांच्या मागे त्यांची नवी पृथ्वी अशी अंगावर घेतली होती, की त्यांना स्वतःला तिचा एवढा तपशील माहीत नसावा. त्यांना नुसती आशा होती. तिने तिच्यात भिंती, वेशी, पायवाटा सगळं घालून ठेवलं होतं, आणि त्यात बाबा मात्र चुकीच्या बाजूला बघत बसलेले.

मला राग येतो तो कोणाचा, हे मी कधी ठरवू शकले नाही. आईचा, की फाटकाचा, की गळणाऱ्या नळासमोर बसून हसणाऱ्या बाबांचा. बाबांचा बहुधा. मला ते फार आठवतात.

यंदा पश्चिमेच्या भिंतीपलीकडे एक उंच इमारत उभी राहते आहे. भिंतीवरून तिचा फलक दिसतो, पृथ्वीवरचा स्वर्ग, टू आणि थ्री बीएचके. आईने चष्मा पुसून तो पूर्ण वाचला. म्हणाली, "उठून बसतील तर समोर हे." मी म्हटलं, निदान चिमण्या तरी नाहीत. तिला ते आवडलं नाही.

मी पश्चिमेची बाजू चुन्याने रंगवत होते, हात पोळत होते, कारण चुना पुरता निवला नव्हता आणि आई निवू देत नव्हती, तेवढ्यात साळवेकाका आले. साळवेकाका मंडळीच्या पंचांतले, बाबांपेक्षा बरेच लहान, पण आता तेही काठी टेकत चालतात. सलाम वहिनी म्हणाले, माझीही चौकशी केली, उन्हाची तक्रार केली. काहीतरी अवघड बोलायचं आहे हे कळत होतं, कारण बोलत आईशी होते आणि बघत माझ्याकडे होते. मग हळूहळू मुद्द्यावर आले. कबरस्थानात जागा उरलेली नाही. पंचांनी ठरवलंय की यापुढे नवी जागा कोणाला द्यायची नाही. ज्यांच्या घरची जुनी कबर आहे त्यांच्यासाठी तीच उघडायची.

"म्हंजे माझं म्हणताय," आई म्हणाली. "सरळ बोला की."

साळवेकाका ओशाळले. मग जरा उजळले, कारण पुढची बातमी चांगली होती. ती वेळ देव करो आणि लांब असो, पण कबर उघडायची वेळ आलीच, तर तेव्हाच दादांचंही, म्हणजे माझ्या बाबांचंही, नीट करून घेऊ. जे काही असेल ते आदराने गोळा करून, डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला. क्रूसही हलवू. पंचांनी एकमताने मान्य केलंय. वहिनींची एवढ्या वर्षांची इच्छा होती.

मी उकिडवी बसले होते ती तिथेच मातीत टेकले. वाटलं, संपलं. हा एवढा मोठा छळ असा शनिवारी दुपारी, साळवेकाकांच्या तोंडून, संपला. मला रडू येईल असं वाटलं. मी आईकडे बघितलं.

आई फलकाकडे बघत होती. मग बाबांच्या कबरीकडे. छत्रीच्या दांड्यावर तिची बोटं हलत होती.

"नको," ती म्हणाली.

साळवेकाकांना वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल. त्यांनी पुन्हा, मोठ्याने, सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"ऐकलं मी. ह्यांना हलवायचं नाय. हायेत तसे राहू द्या. मला मात्र रीतीनं ठेवा, पाय पूर्वेकडं. फाटक कुठलंही असो. ही बघंल," आणि तिने छत्रीने माझ्याकडे दाखवलं.

काकांनी चाचरत विचारलं, एकाच कबरीत एक असं आणि एक तसं, बरं दिसेल का? मी मात्र कुंचा बादलीत आपटला. चुना उडाला, माझ्या साडीवर, काकांच्या पँटवर. मी म्हटलं, "आई, मग इतकी वर्षं तू माझा जीव का खाल्लास? पाळक झाले, पंच झाले, दर वर्षी मला इथे उन्हात बसवून तेच तेच. आता करतो म्हणतायत तर नको?"

"इतकी वर्षं मला कुठं ठाऊक होतं, ह्यांच्यातच घालणार म्हणून," आई म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. तिने छत्री मिटली आणि तिच्या टोकाने कबरीवर, माझ्या ओल्या चुन्यावर, खूण केली. "बघ. त्यांचं डोकं तिकडं. माझं इकडं. कर्णा वाजला. मी उठून बसले. समोर कोण?"

मी ओल्या चुन्यातल्या त्या खुणेकडे बघितलं. भिंतीपलीकडे काँक्रीटचा मिक्सर फिरत होता.

"त्यांना कर्णा ऐकू यायचा नाय," आई म्हणाली. "भोंगा ऐकू येत नव्हता, कर्णा काय येतोय. सगळे उठून चालू लागतील आणि हे झोपलेले. कोणी तरी अंगठा हलवायला नको?"

साळवेकाका पुढच्या बैठकीत पंचांपुढे ठेवतो म्हणाले, पँटवरचा चुना झटकला, तो आणखी पसरला, आणि काठी टेकत नव्या फाटकाकडे निघाले. मी छत्रीच्या टोकाने ओरखडलेल्या जागी पुन्हा कुंचा फिरवला. पूर्वेला चिमण्या दिसत होत्या, एकीतून बारीक धूर. कडुलिंबाचा मोहोर पडत होता. आई म्हणाली, "त्या कोपऱ्यात राहिलं," आणि खरंच राहिलं होतं.

नवी पृथ्वी येईल की नाही, मला माहीत नाही. मी शिकवलेल्या कुठल्याही नकाशात ती नव्हती. समुद्र राहणार नाही हे मला अजूनही पूर्णपणे मान्य नाही. पण ती आली, तर तिच्यावर आमच्या घरातलं पहिलं वाक्य काय असेल हे मला आता ठाऊक आहे. आई उठून बसेल, डोक्यावरचा पदर सारखा करेल, बाबांच्या पायाचा अंगठा हलवेल आणि म्हणेल, अहो, उठा, माझ्याकडे काय बघताय, मागे बघा, ते आलेत.

आणि बाबा लगेच वळणार नाहीत. बघत राहतील तिच्याकडे. आणि ती वैतागेल.